पहिल्या श्वासाआधीचे नऊ महिने

सन 1995-96 या एका वर्षात गडचिरोली जिल्ह्यातील 39 खेड्यांमध्ये, बाळंतिणीच्या खोलीत सुईणीच्या शेजारी बसून, गावातलीच एखादी चार इयत्ता शिकलेली स्त्री मनगटावरील घड्याळाकडे पाहत असे. आणि मूल जन्मास आल्यावर एका मिनिटाने, व पुन्हा पाच मिनिटांनी, ते रडले किंवा नाही, त्याचा श्वास नियमित चालला आहे, मंद आहे, की ते नुसतेच आचके देत आहे, हे ती कागदावर टिपून ठेवीत असे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने ही तहकिकात हाती घेतली, तिच्यामागचा विचार सरळ होता. ज्या मुलखात 100 पैकी 95 प्रसूती घरीच होतात, तेथील नवजात बालकांच्या दुखण्यांचा हिशेब इस्पितळांच्या दप्तरांवरून मांडणे व्यर्थ आहे. जेथे मूल जन्मते तेथेच जाऊन बसावयास हवे. त्या वर्षी अशा रीतीने 763 बालके जन्मापासून 28 दिवसांपर्यंत डोळ्यांखालून गेली. त्यांपैकी 42 टक्के बालकांचे वजन अडीच किलोहून कमी भरले, सुमारे 14 टक्के बालकांचा श्वास पहिल्या मिनिटाला नीट सुरू झालेला नव्हता, आणि 5 टक्क्यांच्या आसपास बालके अशी होती की पाच मिनिटे उलटली तरी त्यांची श्वासाची धडपड चालूच होती. निम्म्याहून अधिक बालकांना कोणत्या ना कोणत्या कारणाने वैद्यकीय साहाय्याची गरज होती, आणि ते ज्यांना प्रत्यक्ष लाभले त्यांचे प्रमाण होते 2.6 टक्के. चाळीस बालके महिन्याच्या आत दगावली.

या चाळीस मृत्यूंची कारणे नवजातशास्त्राच्या जाणकाराकडून तपासून घेण्यात आली, तेव्हा 21 मृत्यू जंतुदोष अथवा न्यूमोनियाच्या, 8 श्वासावरोधाच्या व 6 अतिशय अपुऱ्या दिवसांच्या सदरात पडले. सदरे पाडल्याशिवाय दप्तर चालत नाही हे खरे. तथापि या सदरांकडे पाहून जर कोणी असे समजेल की येथे तीन वेगवेगळे शत्रू तीन वेगवेगळ्या वाटांनी चालून आले, तर ती मोठी गैरसमजूत होईल, कारण त्याच संशोधकांनी पुढे जाऊन दाखविले की दगावलेल्या बहुतेक बालकांच्या ठायी एकाहून अधिक संकटे एकत्र आली होती: दिवस अपुरे, त्यात वजन कमी, त्यात अंग थंड पडलेले, आणि या साऱ्यांवर जंतूंचा हल्ला. यांपैकी एकेका संकटातून मूल पुष्कळदा तरून जाते. दोन-तीन संकटे एकत्र आली म्हणजे त्याचा टिकाव लागत नाही. नवजात बालकाच्या श्वासाला धोका निर्माण करणारी कारणे सांगताना मी हीच गोष्ट सारखी डोळ्यांपुढे ठेवणार आहे. श्वास अडतो तो जन्माच्या घटकेला किंवा त्यानंतरच्या चार दिवसांत, परंतु तो अडणार की नाही याचा पुष्कळसा निर्णय त्याआधी कित्येक महिने, आईच्या रक्तात, तिच्या ताटात, तिच्या चुलीच्या धुरात आणि तिच्या गावापासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर होत असतो.

हा मुलूख कसा आहे ते येथे थोडे सांगितले पाहिजे. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचा, म्हणजे पुढे चंद्रपूर झालेल्या जिल्ह्याचा, वैनगंगेपलीकडील अरण्यमय भाग तोडून 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. पश्चिमेकडे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या पट्ट्यात कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र व कागदाचा कारखाना. पूर्वेकडे व दक्षिणेकडे धानोरा, एटापल्ली, अहेरी, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांत साग-बांबूचे जंगल आणि त्यात विखुरलेल्या गोंड व माडिया लोकांच्या वस्त्या. भामरागडापाशी इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात, आणि पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की तालुक्याचा बाहेरच्या जगाशी संबंध दिवसच्या दिवस तुटत आलेला आहे. तेथून जवळच हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला, त्यापूर्वी या टापूत आधुनिक वैद्यक जवळजवळ अनोळखीच होते. ज्या बालकाला पहिल्या मिनिटात साहाय्य हवे असते त्याच्या दृष्टीने पन्नास मैलांवरचे इस्पितळ आणि पाचशे मैलांवरचे इस्पितळ यांत काडीचाही फरक नाही.

आता मिनिटाचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी गर्भातील फुप्फुसांकडे वळू. आईच्या उदरात असताना मुलाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात, प्राणवायू वारेतून म्हणजे गर्भवेष्टनाच्या त्या रक्तमय गोळ्यातून नाळेवाटे येत असतो, आणि हृदयातून निघालेल्या रक्ताचा जेमतेम एकदशांश भाग फुप्फुसांकडे फिरकतो. बाकीचा आडवाटांनी परस्पर शरीरात जातो. कळा सुरू झाल्या म्हणजे मुलाच्या रक्तात अधिवृक्क ग्रंथींचे स्राव वाढतात, त्यांच्या प्रभावाने फुप्फुसांतील पेशी द्रव सोडण्याचे थांबवून तो शोषून घेऊ लागतात, आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही जोरकस श्वासांनी उरलेला द्रव मागे रेटला जाऊन वायुकोश हवेने भरतात. हवा भरताच फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त तिकडे धाव घेते, आणि आडवाटा मिटू लागतात. निसर्गातील अत्यंत आश्चर्यकारक असे हे स्थित्यंतर काही मिनिटांत घडते, आणि शंभरांपैकी नव्वद बालके ते कोणाच्याही साहाय्यावाचून पार पाडतात. सुमारे दहांना थोडासा आधार लागतो: अंग कोरडे करणे, पाठ चोळणे, क्वचित पिशवी-मुखवट्याने काही श्वास देणे. मोठे उपचार लागतील असे मूल शंभरांत एखादेच. जन्मल्याबरोबर मुलाचा रंग निळसर दिसला म्हणून घाबरण्याचेही कारण नसते. निरोगी बालकाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण योग्य पातळीवर यावयास दहा मिनिटे लागतात. पाहावयाचे असते ते श्वासाकडे.

या पाहण्याला शिस्त लावली ती न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनी. रंग, नाडी, प्रतिक्रिया, स्नायूंचा ताठरपणा व श्वसन या पाच गोष्टींना गुण देण्याची त्यांची पद्धत 1953 साली प्रसिद्ध झाली, आणि प्रसूतिगृहात आईकडेच सर्वांचे लक्ष असताना मुलाकडे पाहण्याचे बंधन त्या पद्धतीने वैद्यांवर घातले. गडचिरोलीच्या खेड्यांत घड्याळ घेऊन बसलेल्या स्त्रिया त्याच शिस्तीच्या वारसदार होत्या.

श्वासाला धोका निर्माण करणाऱ्या कारणांत पहिला मान अपुऱ्या दिवसांचा. फुप्फुसांतील वायुकोश अतिसूक्ष्म व ओलसर असतात, आणि ओल्या धोतराचे दोन पदर एकमेकांस चिकटावेत तशा त्यांच्या भिंती श्वास सोडताच एकमेकींस चिकटू पाहतात. हे चिकटणे टळावे म्हणून वायुकोशांतील विशिष्ट पेशी एक स्निग्ध द्रव्य स्रवतात. गर्भाच्या सहाव्या महिन्याच्या सुमारास त्याचा आरंभ होतो आणि पुरेसा साठा व्हावयास चौतीस-पस्तीस आठवडे उजाडतात. त्याआधी जन्मलेल्या मुलाला प्रत्येक श्वास जणू पहिलाच श्वास असल्याप्रमाणे नव्याने ओढावा लागतो. ते कण्हते, नाकपुड्या फुगवते, बरगड्यांखालचा भाग आत खेचते, आणि काही तासांत थकते. हे द्रव्य नसणे हेच या रोगाचे मूळ आहे हे मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी 1959 साली दाखवून दिले. त्यानंतर चारच वर्षांनी, ऑगस्ट 1963 मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक याच रोगाने जन्मानंतर 39 तासांत दगावला, आणि पृथ्वीवरील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला जे मिळू शकले नाही ते पुढे विज्ञानाने सामान्यांसाठी मिळविले: सतत सौम्य दाबाने हवा देण्याची ग्रेगरी यांची रीत 1971 साली आली, आईला स्टेरॉइडची सुई देऊन गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व करता येतात हे लिगिन्स व हॉवी यांनी 1972 साली सिद्ध केले, आणि 1980 साली जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांतून काढलेले ते स्निग्ध द्रव्य बालकांच्या श्वासनलिकेत सोडून पाहिले. मुलींपेक्षा मुलांना हा रोग अधिक होतो. आईचा मधुमेह ताब्यात नसेल तर गर्भाच्या अंगात वाढलेले इन्शुलिन या द्रव्याच्या निर्मितीला अडथळा करते, त्यामुळे दिवस भरत आलेले धष्टपुष्ट मूलही कधी कधी धापा टाकू लागते.

दिवस अपुरे का राहतात आणि वजन कमी का भरते, या प्रश्नाशी आपण पोहोचलो म्हणजे आपण पुन्हा या जंगलात येऊन पोहोचतो. जुळे, रक्तदाबाचा विकार, गर्भजलाची पिशवी अकाली फुटणे, कोवळ्या वयात आलेले मातृत्व, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसणे ही कारणे सर्वत्र आहेतच. परंतु गडचिरोलीत त्यांच्या जोडीला हिवताप उभा आहे. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रोग्यांत या एका जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे, आणि त्यातही घातक फॅल्सिपेरम जातीचा. गरोदरपणी हा हिवताप झाला की त्याचे परोपजीवी वारेतच ठाण मांडतात, आईचे रक्त आटते, मुलाकडे जाणारा पुरवठा घटतो, मूल खुरटते किंवा वेळेआधी बाहेर पडते. सिकलसेल हा रक्तविकार या भागातील आदिवासी व अन्य समाजांत आढळतो, आणि तो ज्या स्त्रीच्या ठायी पूर्णरूपाने आहे तिच्या गर्भारपणाला पावलोपावली धोका असतो. रक्तपांढरीचे दुखणे तर इतके सार्वत्रिक, की पुष्कळ घरांत थकलेली, फिकट गर्भार बाई हे दुखणे मानलेच जात नाही. मोहफुले वेचावयाची असोत, तेंदूपानांचा हंगाम असो, धानाची रोवणी असो, ती काम करीतच राहते.

या यादीत मला खर्ऱ्याचा उल्लेख विशेष आग्रहाने करावासा वाटतो. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला हा पदार्थ गडचिरोली व चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत पुरुषांप्रमाणे बायकांच्याही तोंडी असतो, पाहुण्यापुढे तो ठेवला जातो, आणि गरोदर बाईने तो खाऊ नये असे तिला सांगणारे घरात सहसा कोणी नसते. मुंबईत 1217 गरोदर स्त्रियांची पाहणी करून डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली असे दाखविले की मिश्री, तंबाखू अशा न ओढावयाच्या तंबाखूचे सेवन करणाऱ्या स्त्रियांची बालके सरासरीने 105 ग्रॅम हलकी भरतात व सुमारे सहा दिवस आधी जन्मतात. शंभर ग्रॅम म्हणजे काय मोठे, असे धट्ट्याकट्ट्या मुलाच्या बापाला वाटेल. परंतु जे मूल मुळातच दोन किलोच्या काठावर उभे आहे त्याच्या बाबतीत शंभर ग्रॅम व सहा दिवस यांवर सारे काही अवलंबून असते. सन 2016 पासून शासन व ‘सर्च’ यांच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ नावाचा तंबाखू व दारू यांविरुद्धचा कार्यक्रम गडचिरोलीत चालू आहे. त्याला व्यसनमुक्तीचा कार्यक्रम म्हणतात, मी त्याला नवजात बालकांच्या आरोग्याचाही कार्यक्रम समजतो. चुलीच्या धुराचे तसेच आहे. कोंदट खोलीत ओल्या लाकडांवर दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या मुलाचे वजन कमी भरण्याचा संभव वाढतो, आणि जन्मल्यावर त्याच खोलीत राहणाऱ्या त्या मुलाच्या फुप्फुसांवर तोच धूर दुसऱ्यांदा आघात करतो. चंद्रपूरकडे यात कोळशाच्या धुळीची व राखेची भर पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची मोजदाद केली तेव्हा चंद्रपूरची गणना गंभीर प्रदूषित क्षेत्रांत झाली होती.

प्रसूतीच्या घटकेचे धोके निराळे. कळा फार लांबल्या, मूल आडवे आले, नाळ आधी बाहेर आली किंवा वार वेळेआधी सुटली, तर मुलाचा प्राणवायू मध्येच तुटतो आणि ते जन्मते तेव्हा श्वास घेण्याची प्रेरणाच क्षीण झालेली असते. लवकर सुटका व्हावी म्हणून घरी येऊन कळांची सुई देणारे अर्धशिक्षित उपचारक आपल्या देशाच्या ग्रामीण भागांत पुष्कळ आहेत, आणि त्या सुईने गर्भाशय असे आवळून बसते की दोन कळांमध्ये मुलाला जी उसंत मिळावयाची ती मिळत नाही. अनेक धडधाकट मुले या एका घाईपायी श्वासावरोधाने गेली आहेत, आणि हा धोका टाळण्यास काहीच खर्च नाही म्हणून त्याचे दुःख अधिक. दिवस उलटून गेलेले किंवा पोटात घुसमटलेले मूल गर्भजलातच विष्ठा करते; हिरवट झालेले ते पाणी श्वासावाटे फुप्फुसांत गेले तर तेथील मार्ग बुजतात व दाह होतो. असे पाणी दर शंभर प्रसूतींत दहा-पंधरांत दिसते, पण त्यांतील थोडीच मुले आजारी पडतात, म्हणून हिरवे पाणी दिसताच धीर सोडू नये. मात्र त्या मुलाला इस्पितळातच जन्म घेऊ द्यावा आणि पुढचा दिवसभर त्याच्या श्वासावर नजर ठेवावी.

शहरात याच्या उलट टोकाचा एक धोका वाढत आहे. कळा सुरू होण्यापूर्वीच शस्त्रक्रियेने काढलेल्या मुलाच्या फुप्फुसांतील द्रव वेळेवर शोषला जात नाही, कारण तो शोषण्याचा हुकूम कळांबरोबरच सुटावयाचा असतो. मग ते मूल पहिले दोन-तीन दिवस भराभर श्वास घेत राहते. बहुतेक वेळा हे आपोआप निवळते. परंतु 39 आठवडे पुरे होण्याआधी, आणि तेही कधी मुहूर्त साधावा म्हणून, शस्त्रक्रियेचा दिवस मागे ओढणारे सुशिक्षित कुटुंब आपल्या मुलाला विनाकारण काचपेटीत पाठवीत असते. आईच्या अथवा मुलाच्या जिवासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया ही वेगळी गोष्ट. तिला उशीर करता कामा नये.

जन्मानंतरचे दोन वैरी म्हणजे थंडी आणि जंतू. ओलेत्याने जन्मलेले मूल पुसून कोरडे न करता तसेच ठेवले, किंवा वारेची वाट पाहत त्याला जमिनीवर पडू दिले, किंवा लगेच न्हाऊ घातले, तर त्याच्या अंगाची ऊब जाते. ऊब टिकविण्यासाठी त्याला अधिक प्राणवायू व अधिक साखर जाळावी लागते, आणि जे आधीच श्वासासाठी झगडत आहे ते मूल या दुहेरी खर्चाने खचते. गर्भजल फुटून अठरा तासांहून अधिक काळ गेला असेल, आईला ताप असेल, नाळ कापावयाचे पाते अस्वच्छ असेल, तर जंतू रक्तात शिरतात. नवजात बालकाचा जंतुदोष मोठ्या माणसाच्या आजारासारखा तापाने ओरडून येत नाही: ते दूध ओढावयाचे सोडते, त्याचे रडणे बारीक होते, अंग थंड लागते, आणि श्वास वाढतो. विदर्भात बायका म्हणतात, पोट उडते. डब्बा झाला असेही म्हणतात, आणि पुष्कळदा वैद्याआधी भगताकडे जातात.

पोट उडते हे आईला दिसते, परंतु किती उडाले म्हणजे घाबरावयाचे? दोन महिन्यांच्या आतील शांत पडलेले मूल मिनिटात साठ किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल तर तो धोका, असे शास्त्र सांगते. आणि निरक्षर सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही. येथे बंग दांपत्याने जी युक्ती योजिली तिचे कौतुक मला आजही ओसरलेले नाही. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या जोडीला तारेत ओवलेले मणी असे एक साधन त्यांनी बनविले; दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वी ठरलेला शेवटचा मणी सरकला की न्यूमोनिया समजावयाचा. लहान बालकांसाठी एक ओळ, थोड्या मोठ्यांसाठी दुसरी. दहापर्यंत मोजता येणारी कोणतीही स्त्री यामुळे निदान करू शकली. गावातील कार्यकर्ते व सुईणी यांनी न्यूमोनिया ओळखून साध्या जंतुनाशक औषधाने बरा करावा असा जो प्रयोग त्यांनी 58 खेड्यांत केला, त्याचे निष्कर्ष 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: उपचार झालेल्या मुलांत 0.8 टक्के मृत्यू, आणि जेथे ही व्यवस्था नव्हती त्या 44 खेड्यांत 13.5 टक्के.

त्याच धर्तीवर नवजात बालकांसाठीची तजवीज 1995-96 च्या त्या निरीक्षणानंतर सुरू झाली. आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केलेल्या गावच्या स्त्रिया गरोदरपणीच घरी जाऊ लागल्या, प्रसूतीला हजर राहू लागल्या, आणि न रडणाऱ्या मुलाला आधी तोंडाने, पुढे नळी-मुखवट्याने, आणि शेवटी पिशवी-मुखवट्याने श्वास देऊ लागल्या. कमी वजनाच्या मुलांना ऊबदार पिशवीत ठेवणे, दूध पाजण्यास शिकविणे, आणि जंतुदोषाची लक्षणे जुळली तर जेंटामायसिनची सुई टोचणे हेही त्या करू लागल्या. खेड्यातील बाई नवजात मुलाला सुई टोचणार, या कल्पनेने त्या काळी अनेक विद्वान डॉक्टर दचकले असतील, आणि सावधगिरी म्हणून ते दचकणे योग्यही होते; पण आकडे बोलके होते. दर हजार जन्मांमागे 62 नवजात मृत्यू होत असत, ते 1997-98 मध्ये 25 च्या आसपास आले, आणि शेजारच्या तुलनेच्या 47 खेड्यांत ते जवळजवळ 60 वरच राहिले. हे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. श्वासावरोधापुरते पाहिले तर पहिल्या मिनिटाला मंद असणाऱ्या बालकांचे प्रमाण 14 टक्क्यांवरून पुढील वर्षांत 6 टक्क्यांवर आले, आणि तीव्र श्वासावरोधाने ग्रासलेल्यांपैकी जेथे 39 टक्के दगावत तेथे 20 टक्के दगावू लागली. मात्र तीव्र श्वासावरोध होणाऱ्या मुलांचे प्रमाण फारसे घटले नाही. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो: दाराशी उभी असलेली कुशल स्त्री मुलाला सावरू शकते, परंतु अडलेल्या प्रसूतीला तिच्यापाशी उपाय नाही, तेथे शस्त्रक्रियेची सोय असलेले इस्पितळ आणि तेथवर नेणारा रस्ता हवा.

स्टेरॉइडच्या सुईची कथाही अशीच विचारात पाडणारी आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना ती इतकी उपकारक, तर ती खेड्यापाड्यांत सर्रास का देऊ नये, असा प्रश्न उभा राहिला, आणि नागपूर व बेळगाव यांसह सहा देशांतील ठिकाणी त्याची मोठी परीक्षा झाली. सन 2015 मध्ये छापून आलेला निष्कर्ष अनपेक्षित होता: लहान बालकांचे मृत्यू घटले नाहीत, आणि सर्व बालकांचा एकत्र विचार करता मृत्यू थोडे वाढलेच, मातांमधील जंतुदोषही वाढला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने भारतासह पाच देशांत, परंतु सुसज्ज इस्पितळांत व सोनोग्राफीने दिवसांची खात्री करून हीच परीक्षा झाली, व 2020 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मृत्यू स्पष्टपणे घटलेले दिसले. औषध तेच, फरक होता तो दिवस नक्की ठाऊक असण्यात आणि जन्मानंतरच्या शुश्रूषेत. जी स्त्री आपली पाळी पोळ्याच्या सुमारास चुकली एवढेच सांगू शकते तिच्या मुलाचे दिवस सातवा संपून आठवा लागला की अजून सातवाच आहे, हे पहिल्या तीन महिन्यांत झालेल्या तपासणीवाचून कोण सांगणार? गरोदरपणाची लवकर नोंद ही म्हणूनच नुसती कचेरीची बाब नव्हे.

गडचिरोलीचा धडा देशाने उचलला. सन 2011 पासून आशा कार्यकर्तीने घरी जन्मलेल्या मुलाकडे पहिल्या दिवशी, आणि कोणत्याही मुलाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जावे असा दंडक आहे. तिने, किंवा आईने, अथवा आजीने, काय पाहावे? मूल शांत असताना पुरे एक मिनिट श्वास मोजावा, कारण नवजात मूल पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेते व अर्ध्या मिनिटाची मोजणी फसवते. साठ किंवा अधिक भरले तर पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तितकेच भरले, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे ऐकू येत असेल, ओठ व जीभ निळी पडली असेल, वीस सेकंदांहून अधिक श्वास थांबत असेल, किंवा मूल दूध ओढेनासे झाले असेल, तर उजाडण्याची वाट पाहू नये. 108 क्रमांकाची गाडी बोलवावी आणि वाटेत मुलाला आईच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून, वरून पांघरूण घालून न्यावे. या उबेने श्वासही स्थिर राहतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बालकांचे विशेष कक्ष आता आहेत, तेथे सौम्य दाबाची हवा व मोजून प्राणवायू मिळतो. मोजून म्हणतो त्याला कारण आहे: बेसुमार प्राणवायूने अपुऱ्या दिवसांच्या मुलांची दृष्टी जाते, हे जगाने गेल्या शतकाच्या मध्यावर हजारो अंध बालकांच्या रूपाने पाहिले आहे.

सन 2020 च्या सरकारी नमुना पाहणीत महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी 11 आणि साऱ्या देशाचा 20 होता. राज्याचा हा आकडा सुखावणारा आहे, परंतु सरासरीच्या पोटात भामरागड व पुणे एकत्र झाकले जातात. दुर्गम तालुक्यांसाठी ‘माहेरघर’ ही योजना आहे. दिवस भरत आलेल्या स्त्रीने आरोग्य केंद्राच्या आवारातील खोलीत आधीच येऊन राहावे, म्हणजे ऐनवेळी नाला आडवा येणार नाही. कल्पना उत्तम, आणि नावही ज्याने दिले त्याला या देशातील बायकांचे मन कळलेले होते. तरीही खोल्या कधी रिकाम्या राहतात, कारण मागे घरी दोन लहान मुले असतात, रोवणीची मजुरी बुडते, सोबत आलेल्या सासूचे किंवा नवऱ्याचे दिवसभर काय करावे हा प्रश्न असतो, आणि आपल्या बोलीत बोलणारे कोणी तेथे भेटेल याचा भरवसा नसतो. सोबतच्या माणसाचे व मुलांचे जेवण, बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि माडिया जाणणारी एक परिचारिका एवढा बंदोबस्त असेल तेथे बाया येऊन राहतील. आषाढ-श्रावणात ज्यांचे दिवस भरणार त्यांची यादी मात्र मे महिन्यातच, नद्या कोरड्या असताना, प्रत्येक आशा कार्यकर्तीच्या वहीत तयार असली पाहिजे. जुळे, पांढरे पडलेले डोळे, आधीच्या खेपेला दगावलेले मूल, हिवतापाची नोंद, असे शेरे ज्यांच्या नावापुढे आहेत त्यांना पहिल्या पुराच्या आधी हलविले पाहिजे.